देशाला धोका, मुक्काम पोस्ट तळेगाव

इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, अशी देहूची श्रद्धा आहे. दिल्लीच्या डोहात गेलेल्या अर्जांबद्दल अशी श्रद्धा बाळगण्याइतका भाविक पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात अजून सापडायचा आहे. देहूच्या शेजारी, तळेगावला, जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. तो विकत घ्यायचं चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी 2020 मध्ये ठरवलं. 17 एप्रिलला केंद्राची 'प्रेस नोट 3' निघाली: ज्या देशांची जमीन आपल्या जमिनीला लागून आहे, तिथला पैसा सरकारच्या परवानगीशिवाय आत येणार नाही. 15 जूनला राज्य सरकारने ऑनलाइन समारंभ करून गुंतवणुकीचे सामंजस्य करार केले, त्यात ग्रेट वॉलचे 3,770 कोटी होते. त्याच रात्री गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान शहीद झाले आणि आठवडाभरात चिनी करार 'जैसे थे' झाले. पुढे दोन वर्षं अर्जाचं भिजत घोंगडं. 14 जून 2022 रोजी पंतप्रधान देहूत शिळा मंदिराच्या लोकार्पणाला येऊन गेले. तुकोबा ज्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, ती ही शिळा. तिच्यासमोरही कोणाला तळेगावचा अर्ज आठवला नसावा, कारण 30 जूनला खरेदीची मुदत उलटली. सरकारने होकारही दिला नाही आणि नकारही.

परकी पैसा तपासून घ्यावा, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत त्यासाठी 1975 पासून समिती आहे, ब्रिटनने 2021 मध्ये स्वतंत्र कायदा केला. वाद आहे तो आपण नेमकं काय तपासतो यावर. प्रेस नोटेत हेतू स्वच्छ लिहिला होता: करोनात भाव पडलेल्या भारतीय कंपन्या कोणी संधी साधून गिळू नयेत. तळेगावात मात्र विकणारी कंपनी अमेरिकन होती, देशातली विक्री तिने 2017 मध्येच बंद केली होती आणि कारखाना तिला गळ्यातून काढायचा होता. याच जनरल मोटर्सचा दुसरा कारखाना गुजरातेत हालोलला होता. तो 2017 मध्ये 'साईक' या चिनी कंपनीने घेतला. ग्रेट वॉल निदान खासगी म्हणवते. साईक शांघायच्या सरकारी मालकीची. हालोलच्या एमजी हेक्टरची जाहिरात 2019 मध्ये 'देशातली पहिली इंटरनेट कार' अशी झाली. म्हणजे चिनी सरकारी मालकीच्या कंपनीची, सदैव इंटरनेटला जोडलेली गाडी देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यासमोरून बिनदिक्कत धावू शकते, फक्त तिचे पत्रे तळेगावला ठोकले तर देशाला धोका. पट्ट्यात चिनी कारखाना नवा आहे असंही नाही. चाकणला सॅनीची यंत्रं बनतात, रांजणगावला हायरचे फ्रिज. एप्रिल 2020 आधी आलेला तो पाहुणा, नंतर आलेला तो हेर. सुरक्षा तपासायचं हे जगातलं सर्वांत स्वस्त यंत्र असेल; त्याला फक्त कॅलेंडर लागतं.

'वीस जवान गेल्यावर त्यांच्याशी व्यवहार करायचा?' हा प्रश्न खरा आहे आणि त्याची टिंगल करू नये. पण मग व्यवहार थांबायला हवा होता. 2020-21 मध्ये आपण चीनकडून सुमारे 65 अब्ज डॉलरचा माल घेतला. 2024-25 मध्ये 113 अब्जांचा. त्या वर्षीची व्यापारातली तूट 99 अब्ज. याला आपल्याकडे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात. चीनचा पैसा इथे येऊन शेड बांधतो, पगार देतो, कर भरतो, आणि उद्या वेळ आलीच तर कुलूप आपलं असतं. चीनचा माल येतो तेव्हा कुलूपही त्यांच्याच हातात राहतं. हे विरोधी पक्षाचं म्हणणं नाही. जुलै 2024 च्या आर्थिक पाहणी अहवालातच आयातीपेक्षा चिनी गुंतवणूक बरी, असा सूर होता. आणि धोका मालातून येतोच. सरकारी संस्थांत चिनी कंपन्यांचे दहा लाख कॅमेरे आहेत आणि त्यांतलं चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याची भीती आहे, हे मार्च 2021 मध्ये लोकसभेत कोणी सांगितलं? केंद्रातल्याच राज्यमंत्र्यांनी, अकोल्याच्या संजय धोत्र्यांनी. तळेगावचा अर्ज तेव्हा त्याच सरकारकडे अडला होता. दहा लाख डोळे कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगलेले आणि पहारा एमआयडीसीच्या फाटकावर.

देहूरोडला आयुध निर्माणी आहे, लष्कराचं मोठं भांडार आहे, शेजारी चिनी इंजिनियरांची वस्ती नको, असंही कोणी म्हणेल. आतापर्यंतच्या सगळ्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार, आणि नेमका हाच सरकारने कधी उच्चारला नाही. हे कारण असेल तर पहिल्या महिन्यातच 'नको' म्हणता आलं असतं. नकाशा बघायला दोन वर्षं लागत नाहीत. सुरक्षेची कारणं चव्हाट्यावर मांडता येत नाहीत, हेही कबूल. पण कारण गुप्त ठेवता येतं म्हणून उत्तरही गुप्त ठेवायचं? ब्रिटनच्या कायद्यात पहिली छाननी 30 कामकाजाच्या दिवसांत संपवावी लागते, अमेरिकेत 45 दिवसांत; पुढची चौकशी लागली तर तिलाही मुदत. आपल्याकडे तळेगावला उत्तर न देणं हेच उत्तर ठरलं. त्याचा फायदा उघड आहे: नकार दिला असता तर कोणीतरी सही केली असती.

शेवटी कारखाना ह्युंदाईला गेला, तिथे गाड्याही बनू लागल्या, मग रडायचं कशाला? कोरियाची जमीन आपल्याला लागत नाही, त्यामुळे त्या व्यवहारात देशाला धोका नव्हता. पण ताबा मिळाला जानेवारी 2024 मध्ये. तळेगावची शेवटची गाडी निघाली होती डिसेंबर 2020 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. मधल्या तीन वर्षांत चौदाशेहून अधिक कामगारांना कमी केलं गेलं आणि ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प याच तळेगावाहून गुजरातला गेला, तेव्हा विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले होते. तो प्रकल्प कागदावरच होता. ज्यांचा पगार प्रत्यक्षात बुडाला, त्यांच्यासाठी एवढा गदारोळ कोणी केला नाही, कारण इथे प्रकल्प गुजरातला गेलेला नव्हता, नुसताच गेला होता.

राष्ट्रीय सुरक्षेची छाननी जवळच्या आकुर्डीपर्यंत पोहोचली ती मात्र उलट्या दिशेने. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर या चुंबकांवर फिरते आणि बजाज ऑटोची इलेक्ट्रिक चेतक आकुर्डीला बनते. जुलैत कंपनीचे राजीव बजाज यांनी सांगितलं की ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. चुंबक हवं असेल तर भारतीय कंपनीने लिहून द्यायचं की हा माल शस्त्रांसाठी वापरणार नाही, त्यावर चिनी वकिलातीचा शिक्का घ्यायचा आणि कागद बीजिंगला पाठवायचा. आपल्या कंपन्यांची राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने छाननी झाली, ती अशी. फक्त राष्ट्र त्यांचं होतं. परवाने वेळेवर मिळेनात, ही ओरड झालीच. पण त्यांच्या निर्यात नियमांत निर्णयाची मुदत छापलेली आहे: 45 कामकाजाचे दिवस.