सीओडी काका

सोसायटी पुण्यातली असो, डोंबिवलीतली असो की नाशिकची, तिथे एक सीओडी काका असतातच. वय साठीच्या पुढे, पेन्शन वेळेवर आणि ऑनलाइन खरेदीची हौस कॉलेजातल्या पोरांना लाजवणारी. पण पैसे भरायची वेळ आली, की काकांचं बोट कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग या स्टेशनांवर न थांबता थेट शेवटच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'वर जातं. फ्लिपकार्टने ही सोय 2010 मध्ये आणली. त्यानंतर कुणी काही नवं शोधायची गरज नव्हती, असं काकांचं मत आहे.

"माझ्या पैशांचा हिशेब त्या बेंगळुरूवाल्यांना कशाला हवा?" हा त्यांचा सवाल.

कार्ड नाही असं नाही. ते गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली असतं. पाठीमागचे तीन आकडे काकांनी ब्लेडने खरवडून काढलेत. पण ऐनवेळी आठवले नाहीत तर? म्हणून ते कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेत. कालनिर्णय हॉलमध्ये टांगलेलं असतं. दर 1 जानेवारीला हे आकडे नव्या कालनिर्णयवर उतरवले जातात.

भाच्याने एकदा समजूत घालून पाहिली. "मामा, 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला तुमचा कार्ड नंबर साठवताच येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्याकडे फक्त टोकन राहतं. पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी बिल्ला मिळायचा ना, तसं."

"तो बिल्ला मी एकदा खिशात घालून घरी आलो होतो," काका म्हणाले. विषय संपला.

यूपीआयवर त्यांचा राग वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच वेडगळ नाही. वाण्याकडे पाव किलो शेंगदाणे घेतले तरी बँकेतलं पूर्ण नाव त्याच्या मोबाइलवर उमटतं, आणि काउंटरवरचा डबा किती रुपये आले ते गल्लीभर ओरडून सांगतो. नोट ओरडत नाही. नोटेवर नाव नसतं. इथवर काका बिनतोड आहेत.

पण हेच काका मॉलच्या काउंटरवर मोबाइल नंबर विचारला की मागची रांग ऐकेल अशा आवाजात दहाही आकडे सांगतात. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्येच बजावलंय. काकांना ते ठाऊक आहे. "पण ती मुलगी इतकं गोड विचारते!" गणपतीतल्या लकी ड्रॉच्या कुपनावर तर ते स्वतःची जन्मतारीख, काकूंची जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि मासिक उत्पन्न असं सगळं भरून देतात. 'अंदाजे' लिहायची मुभा असताना पैशांसकट.

आता आतली गोष्ट. काकांचं खातं जॉइंट आहे आणि पैसे गेल्याचा मेसेज काकूंच्या मोबाइलवर येतो. बेंगळुरू हे निमित्त आहे; लपवाछपवी स्वयंपाकघरापासून आहे. पायाला मसाज करायचं चौथं यंत्र पासबुकात दिसायला नको, म्हणून ही रोख. दुर्दैवाने पार्सल नेमकं काका बागेत फिरायला गेल्यावर येतं. मग काकू डाळीच्या डब्यातले पैसे काढून देतात, सुट्ट्यांसकट. खोक्यावर नाव, पत्ता, मोबाइल आणि किंमत ठळक छापलेली असते, आणि ते खोकं दुपारपर्यंत दारातच पडलेलं असतं. वॉचमनला वाचता येतं.

काकांच्या गोपनीयतेचा खरा कस लागला तो यंत्र परत करताना. कार्डाने भरलेले पैसे आल्या वाटेने परत जातात. रोखीला तशी वाट नाही. कंपनीला बँक खातं कळवावं लागतं. ते ॲपमध्ये टाइप करायचं सोडून काकांनी भाच्याला फोन लावला आणि रेंज चांगली म्हणून गॅलरीत उभं राहून खाते क्रमांक दोनदा वाचून दाखवला. मग आयएफएससी. "अरे, पाचवं शून्य आहे, ओ नाही! सगळ्याच बँकांचं असतं!" माहिती अचूक होती. समोरच्या विंगमधल्या आजोबांनी मान डोलावली.

तुमच्याही सोसायटीत असे काका असतील. त्यांना कार्ड वापरायचा आग्रह करू नका, भांडण होईल. खोकं रद्दीत टाकण्याआधी वरचं लेबल फाडा, एवढंच सांगा. आणि कालनिर्णय जरा आतल्या खोलीत लावा म्हणावं.