अप्रकाशिताचे कब्जेदार

संगीताच्या राज्यात गाणारे, ऐकणारे आणि ऐकल्याचा आव आणणारे असे तीन वर्ग पूर्वापार नांदत आले आहेत. परंतु ध्वनिमुद्रणाचे यंत्र गृहस्थाच्या दिवाणखान्यात शिरल्यापासून त्यांत चौथ्या एका वर्गाची भर पडली असून, जे कोणीही ऐकलेले नाही ते आपल्याजवळ असावे आणि ते आपल्याजवळ आहे एवढे मात्र सर्वांनी ऐकलेले असावे, हे त्या वर्गाचे ब्रीद आहे.

या वर्गाचा एक परिपक्व नमुना मांजरसुंब्यास वास्तव्य करून आहे. धुळे-सोलापूरचा महामार्ग आणि नगरकडून अंबाजोगाई-लातूरकडे जाणारा रस्ता जेथे परस्परांस छेदतात, त्या या गावाची ख्याती घाटामुळे आणि ढाब्यांमुळे झालेली आहे. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणारे भाविक येथे चहाला थांबतात. ख्यालगायकीचे घराणे म्हणाल, तर या गावाच्या नावाने एकही चाललेले नाही. असे असता तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या 'टेपवाल्या अण्णां'नी बिऱ्हाडासाठी हेच गाव का निवडले, याचे कोडे अनेकांस पडते. उत्तर भूगोलात आहे. सोलापूरची बैठक औरंगाबादेस किंवा नगरची लातुरास जायची झाली, तर तिला बहुधा या चौकातूनच जावे लागते. आणि नकलेच्या रूपाने जकात भरल्यावाचून एकही फीत या नाक्यापलीकडे जाऊ द्यायची नाही, हा अण्णांचा शिरस्ता आहे.

'फीत' म्हणजे दुकानात मिळणारी नव्हे, हे नवख्याने प्रथम ध्यानात घ्यावे. गवयाने कंपनीच्या खोलीत बसून, विचारपूर्वक गाऊन, स्वतः ऐकून आणि पसंत करून जे प्रसिद्ध केले, त्याकडे अण्णा सरकारजमा मिळकतीकडे पाहावे तसे पाहतात. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात धाडण्यात आली, याचा महाराष्ट्रास अभिमान वाटला. अण्णांना मात्र तेव्हापासून त्या भैरवीत गोडी उरलेली नाही, कारण जिची प्रत परग्रहवासीयांच्याही हाती लागू शकते, ती चीज दुर्मिळ राहिली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

न्यायाने बोलायचे, तर या व्याधीचे मूळ केवळ विक्षिप्तपणात नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली आणि भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले ते आपल्या आवाजाची एकही तबकडी मागे न ठेवता. ज्यांनी ठेवल्या त्यांना जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मिळत होती तीन-साडेतीन मिनिटे, म्हणजे विलंबित ख्यालात जेवढ्या अवधीत नुसता षड्ज प्रसन्न व्हावा तेवढी. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि सात इंची स्पूल मंद गतीने फिरविले असता एका दमात तासाभराचे गाणे पकडू लागले, तेव्हा कोणा डॉक्टरांच्या माडीवर, कोणा वकिलांच्या ओसरीवर रंगलेल्या बैठका प्रथमच त्यांच्या खऱ्या विस्तारानिशी शिल्लक राहिल्या. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, वसंतराव देशपांडे यांना घड्याळाची धास्ती नसताना काय सुचत असे, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याला अद्यापि अण्णांसारख्यांचा उंबरठा झिजवावा लागतो. आणि याच गोष्टीची अण्णांना पुरेपूर जाणीव आहे.

त्यांचे दप्तर पाहिल्यावर निजामी अमदानीतला मुनशीही खाली मान घालील. प्रत्येक फितीस अनुक्रमांक, आवक-जावक, मूळ स्पूल कोणाच्या कब्जात, त्यावरून पहिली नक्कल कोणी उतरविली, तिच्यावरून दुसरी कोणाकडे गेली, अशी साद्यंत वंशावळ लाल शाईने लिहिलेली असते. तिसऱ्या पिढीच्या नकलेत गाण्यापेक्षा फितीची खरखर अधिक असते, हे ते मान्य करतात. किंबहुना खरखर जितकी दाट तितका दस्तऐवज अस्सल, अशी त्यांची श्रद्धा आहे. एखाद्या यंत्राची गती किंचित वाढून काळी एकचा गवई काळी दोनमध्ये गाऊ लागला, की ते यंत्रास दोष न देता गवयाच्या त्या दिवशीच्या प्रकृतीवर भाष्य करतात. फितीवर तारीख नसली तरी त्यांचे अडत नाही. पाठीमागे पाऊस ऐकू येतो त्यावरून महिना, आणि श्रोत्यांपैकी कोण 'वाहवा' म्हणतो यावरून साल ते मुक्रर करतात.

त्यांच्याकडे ऐकायला बसणे हा एक विधी आहे. दार लावले जाते, पंखा बंद होतो, आणि बाहेर चौकात मालमोटारींचे कर्णे वाजत असता आत तानपुऱ्यांची जुळवाजुळव सुरू होते, ती बराच वेळ संपत नाही. पाहुण्याचे लक्ष रागाकडे लागलेले असते, अण्णांचे अन्यत्र. "ऐकायलात न्हवं गुर्जी? आता कपबशी वाजंल बघा!" ते हलक्या आवाजात बजावतात, आणि कपबशी वाजताच त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते ते समेवर येणाऱ्या तबलजीच्याही नशिबी नसेल. मग कोणी खोकतो. तो खोकला कोणत्या गावच्या कोणत्या रसिकाचा, यावर विवेचन होते. तेवढ्यात पंचेचाळीस मिनिटे पुरी होऊन नव्वदची कॅसेट नेमकी द्रुतगतीच्या उंबरठ्यावर संपते, आणि ती उलटीपर्यंत जी तान कायमची हरवली, तिच्यासारखी तान त्या गवयाने हयातीत पुन्हा घेतली नाही, असे अण्णा शपथेवर सांगतात. ती त्यांनीही ऐकलेली नाही, हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडण्याचे धैर्य अद्यापि कोणास झालेले नाही.

पुण्यास नोकरीस असलेल्या भाच्याने त्यांना एकदा अमेरिकेची हकीकत सांगितली. बॉब डिलन या गायकाने १९६७ साली साथीदारांसह एका घराच्या तळघरात सहज म्हणून गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांपैकी काही १९६९ साली चोरट्या तबकडीवरून बाहेर फुटली, आणि अखेर १९७५ साली खुद्द कंपनीनेच त्यांतली निवडक गाणी विकावयास काढली. चोरी झाली म्हणून अण्णांस खेद झाला नाही. चोराने माल स्वतःपाशी न ठेवता चारचौघांत वाटला, याबद्दल मात्र त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी मंडळ काढून आपले धन लोकांना ऐकविण्यास आरंभ केला, त्यांनाही अण्णा उधळे वारसदार समजतात.

तथापि दैवाने त्यांचीही परीक्षा पाहिली. मारवा रागाच्या ज्या बैठकीची त्यांनी वर्षानुवर्षे राखण केली होती, तीच एका कंपनीने कोठून तरी मूळ स्पूल पैदा करून बाजारात आणली. वार्ता कळली त्या दिवशी अण्णांनी दाढी केली नाही, आणि समाचारास येणाऱ्यांशी ते गेलेल्या माणसाविषयी बोलावे तसे त्या मारव्याविषयी बोलत राहिले. अखेर कोणीतरी ती नवी तबकडी आणून लावली. अण्णा ऐकू लागले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला: कंपनीच्या तज्ज्ञाने खरखर धुऊन काढली होती, खोकला छाटला होता, कपबशी नाहीशी केली होती, आणि तानपुऱ्यांची जुळवाजुळव तर समूळ वगळली होती.

त्याच रात्री नोंदवहीत फेरफार झाला. जुनी नोंद खोडून अण्णांनी लाल शाईने लिहिले, 'गायन वजा जाता उर्वरित बैठक. एकमेव प्रत.' हल्ली खास पाहुण्यास तेवढीच ऐकवितात, आणि गवयाने षड्ज लावताच तत्परतेने कळ दाबून म्हणतात, "आता फुडं निस्तं गाणंच हाय, गुर्जी. ते काय, बाजारात बी मिळायलंय."