विहिरीत पाणी आढळले

खानदेशात पाण्याची सर्वांत कसून चौकशी पेट्रोल पंपावर होते. सकाळी पंपावरचा माणूस डीप रॉडच्या टोकाला पेस्ट फासतो, जमिनीखालच्या टाकीत सोडतो आणि पेस्टचा रंग बदलला का ते बघतो. बदलला तर टाकीत पाणी शिरलं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. पाणी दिसलं की ते पेट्रोलचं घर सोडून पाण्याकडे नांदायला जातं. मग गाडी बंद पडते आणि जळगावच्या आकाशवाणी चौकात पन्नास तज्ज्ञ जमतात.

उलट चौकशी, म्हणजे पाण्यात पेट्रोल शिरलं का ही, कोण करणार? विहिरीला कुठं अॅव्हरेज द्यायचं असतं!

समजा, जळगाव-धुळे महामार्गावरच्या एका जुन्या पंपाची टाकी काढली. जेसीबी आला, गर्दी जमली, 20 हजार लिटरची टाकी वर आली. खड्ड्याच्या भिंती काळपट ओल्या, वासानं डोळे चुरचुरतात. साहेबांनी रुमाल नाकाला लावून लिहिलं : ‘स्थळपाहणी समाधानकारक.’ त्या दिवशीची एकमेव शास्त्रीय तपासणी भंगारवाल्यानं केली. टाकीच्या बुडावर हातोडी वाजवून तो म्हणाला, “खालून गंजलीय शेठ, वजन कमी भरेल.” वजन कुठं गेलं हे त्याला कळलं, बुडातून आणखी काय गेलं हे कुणी विचारलं नाही. खड्ड्यात मुरूम पडला. चौकशी बुजली.

खरं तर काम फार अवघड नाही. खड्ड्याच्या तळाची नि भिंतींची माती घ्यायची, भूजल कुठल्या दिशेला वाहतं ते बघून त्या बाजूला बोअर मारायचं, बाटली काठोकाठ भरून लगेच बंद करायची आणि प्रयोगशाळेत बेंझीन तपासायचं. बेंझीन म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. जागतिक आरोग्य संघटना लिटरभर पिण्याच्या पाण्यात 10 मायक्रोग्रॅमच्या वर ते चालवून घेत नाही. आपल्या बीएस-6 पेट्रोलमध्ये ते 1 टक्क्यापर्यंत चालतं. हिशेब करा : एका लिटरमधलं बेंझीन कागदावर साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी बाद करू शकतं. एवढं अॅव्हरेज कुठल्याच गाडीला नाही!

“पेट्रोल तर वर तरंगतं, काढून टाकू,” असं सांगणारे भेटतात. त्यांना शेवभाजी खायला बसवावं. तर्री वरून काढली म्हणून रस्सा अळणी होतो का? जे विरघळायचं ते खाली विरघळलेलंच असतं. त्यात आमची काळी माती मे महिन्यात बोटभर भेगा उघडून बसलेली. धुळ्याकडे काळ्या पाषाणाच्या फटींतून पाणी असं वाट काढतं की शेजारची विहीर स्वच्छ आणि चार शेतं पलीकडची वास मारते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये नवा पंप शाळा, दवाखाना नि वस्तीपासून 50 मीटर दूर ठेवायला सांगितलं. भूजलाला मात्र मीटर मोजता येत नाहीत.

जुलै 2021 मध्ये सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी पेट्रोलची पाइपलाइन फोडली. पेट्रोल जमिनीत मुरून पिकांना भोवलं, विहिरींत उतरलं. त्याची बातमी झाली, कारण चोर होते. गंजानं पडलेल्या भोकाला चोर नसतो, म्हणून पंचनामाही नसतो. अमेरिकेनं 1984 मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला, शोधायला लागले, आणि आजवर पाच लाखांहून जास्त गळत्या सापडल्या. आपल्याकडे बोंब नाही. न शोधण्यासारखा उपाय नाही.

तर, पंपामागच्या शेतातले आप्पा साहेबांकडे गेले. “पानीले पेट्रोलना वास यी ऱ्हायना, साहेब!” साहेब कर्तव्यदक्ष. त्यांनी बंद पंपावरचा डीप रॉड मागवला, टोकाला पेस्ट फासली, दोरीला बांधून विहिरीत सोडला. वर काढला तर पेस्टचा रंग साफ बदललेला.

तिथल्या तिथे अहवाल तयार झाला : ‘सदर विहिरीत पाणी आढळून आले. तक्रार निकाली.’