फक्त दुपारी लावायचा नाई

रोहिणखेडात त्याला सगळे स्टेबलभाऊ म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं आहे. मोताळ्याच्या रस्त्यावर भेटो की पानटपरीवर, विषय कपाशीच्या भावाचा असो की कोणाच्या सोयरिकीचा, तिसऱ्या वाक्याला तो आपल्या कॉम्प्युटरवर येतो. "एकदम स्टेबल हाये भाऊ." मग जरासं थांबून, "फक्त दुपारी लावायचा नाई."

या 'फक्त'ला अंत नाही. फक्त कॅबिनेटचं झाकण उघडं पाहिजे. फक्त एडिटिंग चालू असताना दुसरं काही उघडायचं नाही. फक्त पहिल्यांदा बंद पडला तर मनावर घ्यायचं नाही, दुसऱ्यांदा सुरू होतोच. मशीन सुधारण्यापेक्षा 'स्टेबल'ची व्याख्या सुधारणं त्याला सोपं जातं, आणि खरं सांगायचं तर त्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या घाटाखाली कोणी नसेल.

मशीन तसं बरं आहे. सेकंडहँड घेतलेला एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर. सहा कोर, कंपनीचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, आणि काम हलकं असलं तर आपणहून ३.९ पर्यंत जाणारा. हे 'आपणहून' स्टेबलभाऊला रुचलं नाही. यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहून तो बायोसमध्ये शिरला, गुणक ४१ वर नेला, व्होल्टेज १.४ केलं आणि ४.१ गिगाहर्ट्झ झाल्याचे पेढे वाटले. व्होल्टेज वाढवलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे वेग चिमूटभर आणि ताप ओंजळभर, हे त्या व्हिडिओंत होतं की नाही कोण जाणे. असेल तर त्याने ते पुढे ढकललं असणार.

आता हे टिकतं की नाही, ते ठरवायचं कसं? त्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्राम आहे. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन गृहस्थाने अवाढव्य मूळसंख्या शोधायला जगभरच्या लोकांचे घरचे कॉम्प्युटर कामाला लावले, त्या खटाटोपातला हा प्रोग्राम. तो प्रोसेसरला इतका पिळून काढतो, की ज्यांना मूळसंख्येशी काडीचं घेणं नाही असे लोक तो निव्वळ छळासाठी वापरतात. त्यात 'टॉर्चर टेस्ट' अशी सोयच आहे. स्टेबलभाऊने ती जानेवारीतल्या एका पहाटे, दहा मिनिटं, टेबलफॅन कॅबिनेटकडे वळवून घेतली. बाकी घर गोधडीत होतं. तापमान ७२ अंश. निकाल जाहीर.

कोणीतरी म्हणालं, दहा मिनिटांनी काय होतं, रात्रभर चालव. त्याने तेही केलं. सकाळी उठून तो स्क्रीनसमोर असा बसला, की भेंडवळला अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचा अंदाज सांगणारी घटमांडणी वाचायला लोक बसतात त्याची आठवण यावी. कोणतं धान्य सरकलं, विड्याचं पान हललं का, तसं हा पाहतो: खिडकी उघडी आहे, आकडे पळताहेत, पंखा ओरडतो आहे. म्हणजे पीक चांगलं. प्रत्यक्षात सहा कोरच्या सहा वर्करपैकी एकाच्या खिडकीत पहाटे कधीतरी एक ओळ उमटून गेली होती: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ च्या आत अपेक्षित होतं. म्हणजे गणित चुकलं. तो वर्कर थांबला होता, बाकीचे पाच बिचारे राबत होते. मी ती ओळ त्याला बोटाने दाखवली.

"एक गेला तं काय झालं? पाच हायेत ना!"

बंद पडणारा कॉम्प्युटर निदान प्रामाणिक असतो. निळा पडदा येतो, आपण शिव्या देतो, विषय संपतो. चुकीचं गणित करून मख्खपणे पुढे चालणारा मात्र घात करतो. स्टेबलभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. एका हळदीच्या व्हिडिओत नवरदेवाच्या गालावर हिरवा चौकोन आला, दोन सेकंद राहिला आणि गेला. वराच्या मावशीने विचारलं, "हळद हिरवी काऊन दिसू राह्यली?" याने उत्तर दिलं, "कॅमेऱ्याचा दोष." मावशीने ते मानलं, कारण कॅमेरा तिच्या भाच्याचा होता.

मग मे आला. आमच्या घाटाखालचा मे कोणाची भीड ठेवत नाही. जानेवारीत पहाटे जी खोली १८ अंशांवर होती, ती पत्र्याखालची खोली दुपारी ४२ वर गेली. हवेवर थंड होणाऱ्या प्रोसेसरचा हिशेब सरळ असतो: खोली जितकी तापेल तितकीच भर त्यात पडते. ७२ मध्ये २४ मिळवा, ९६ होतात. कंपनीने घातलेली मर्यादा ९५. एवढी बेरीज कोणी केली असती तर पुढचं टळलं असतं. पण एका घरची वरात सोमवारी, व्हिडिओ दाखवायचा मंगळवारी, आणि एक्स्पोर्ट ९२ टक्क्यांवर गेला की निळा पडदा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी घरचे लोक पेनड्राइव्ह घेऊन ओसरीवर बसले आणि चहा पिता पिता रात्र पडली.

तिथेच शेजारचे मोटार रिवाइंडिंगवाले काका होते. जळक्या मोटारी भरण्यात त्यांची हयात गेली. ते आत आले, स्क्रीनकडे पाहिलंच नाही, सरळ कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि झटकन काढला.

"मोटार चालू झाली का, हे मी गिऱ्हाईकाले इचारतच नाई. चालू तं सगळ्याच होतात. तीन तासानं अंगाले हात लावू देते का, ते पाह्यतो." मग खाली बसून म्हणाले, "वाढवला कायच्यासाठी होता?"

या प्रश्नाला स्टेबलभाऊकडे 'फक्त' नव्हता.

रोहिणखेडला लढायांची सवय आहे. १४३७ साली बहामनींच्या खलफ हसनने खानदेशच्या नसीरखानाला इथेच हरवलं. पुढे दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीचा तंटाही याच गावाच्या शिवारात मिटला. पण ४.१ की ३.९ हा तंटा मिटायला जून उजाडला. आता त्याने ३.९ ठेवला आहे, व्होल्टेज खाली आणलं आहे. हलक्या कामाला कंपनी जे फुकट देत होती, ते त्याने स्वकष्टाने मिळवलं.

त्याचा भाव मात्र वाढला. परवा मोताळ्याचा एक पोरगा नवा ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर मोटारसायकलवर मांडीत धरून त्याच्याकडे तपासायला घेऊन आला.

"किती वेळ टेस्ट केली?"

"रातभर, दादा."

"कोणत्या महिन्यात?"

पोराने डिसेंबर सांगितलं. स्टेबलभाऊ उठला, डोळे मिटून कॅबिनेटवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि मान हलवली.

"लई गरम होऊ राह्यला."

पोरगा काही बोलला नाही. त्याच्या हातात अजून वायर होती आणि तो प्लग शोधत होता.