नव्वद दिवसांचे आबा

पाटीवर ‘एचआर कन्सल्टंट’ असं लिहिलंय, पण सातारच्या एमआयडीसीत सगळे त्यांना प्लेसमेंटवाले आबा म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन मोबाईल आणि बायोडाटांचे गठ्ठे. आठवड्यातले दोन दिवस ते कुपवाडला असतात. तिथेही खोली झेरॉक्सवरच.

आबांच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. एकावर कंपन्यांच्या मागण्या, दुसऱ्यावर जत्रा. धंदा चालतो तो दुसऱ्यावर. पौषी पौर्णिमेला मांढरदेवची काळूबाई, रंगपंचमीला बावधनचं बगाड, झालंच तर गावोगावचे बेंदूर. ऑक्टोबरात तासगावकडची पोरं द्राक्षाच्या छाटणीला बसतात, तेव्हा कुपवाडची रात्रपाळी रिकामी. एका कंपनीच्या साहेबांनी बगाडादिवशीच जॉइनिंग ठेवलं. सात पोरं निवडली होती, गेटवर एकटे आबा हजर.

कंपनी आबांना पैसे देते ते पोरगं नव्वद दिवस टिकलं तरच. आधी पळालं तर बदली माणूस फुकट द्यायचा. त्यामुळे नवी सून माहेराहून परत येईल ना, या काळजीत सासू नसेल इतके आबा असतात. तिसाव्या दिवशी फोन : “कँटीन बरं हाय का?” साठाव्या दिवशी : “सुपरवायझर लय बोलतो का? बोलू दे. माझ्याकडं बघ.” एकोणनव्वदाव्या दिवशी पोराचाच फोन येतो. “आबा, चाकणला आलोय. हितं ओव्हरटाइम डबल हाय.”

मागणी मात्र ऐकण्यासारखी असते. वय एकवीस, अनुभव पाच वर्षं, व्हीएमसी मशीनवर सेटिंग यायला हवं, पगार ट्रेनीचा. असला कागद आला की आबा किर्लोस्करवाडीचा विषय काढतात. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला आणि तुरुंगातून सुटलेली माणसं रात्रीच्या पहाऱ्याला ठेवली. “त्यांचं एक्सपीरियन्स लेटर कुणी मागितलं व्हतं?” आबा विचारतात. (पहाऱ्याच्या कामाला तो अनुभव चालला असता, हे मी मनातच ठेवतो.)

खरी पंचाईत लग्नसराईत. मुलीचे वडील थेट आबांना फोन करतात : “पोरगं परमनंट हाय न्हवं?” एरवी सफाईनं थापा मारणारे आबा इथे जपून बोलतात. “कंपनी परमनंट हाय, पाव्हणं.”

पण त्याचीही खात्री त्यांना नाही. आबांचे वडील महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. राज्य शासनाचं महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून 1975 साली काढलेली कंपनी. ‘प्रिया’ स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. त्या एका नोकरीवर घरातल्या तीन आत्यांची लग्नं झाली. वडील परमनंट होते, स्कूटर परमनंट नव्हती. घरातली प्रिया अजून पोर्चमध्ये गोणपाटाखाली उभी आहे, आणि आबा दर दसऱ्याला तिला हार घालतात.

मध्यंतरी मी विचारलं, “आबा, तुम्ही स्वतः कुठं चिकटला का नाही?”

“चिकटलो व्हतो की, शिरवळला,” आबा म्हणाले. “अठ्ठ्याऐंशी दिवस.”

ओळखीत कुणी व्हीएमसी सेटर असेल तर आबांना जरूर कळवा. फक्त रंगपंचमी होऊन जाऊ द्या.