दिवाळीची गोधडी : नवशिक्यांसाठी सूचना

हौशी माणसाला दिवाळीच्या गोधडीची आठवण गणपती उठले की होते. वसईजवळच्या कामणला तेव्हा तुंगारेश्वरच्या डोंगरावरून ढग उतरलेले असतात आणि दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस दमटच राहतो. अशा हवेत चार जुन्या सुती साड्या एकावर एक घालून शिवल्या, तर गोधडीला जो कुबट वास बसतो तो दुसऱ्या दिवाळीपर्यंत हटत नाही. जाणत्या बायका गोधडी उन्हाळ्यात शिवायला काढतात. कापड कडकडीत वाळतं, शेतातलं काम आटोपलेलं असतं, अंगण मोकळं असतं. म्हणून पहिली सूचना : ही दिवाळी सोडा, पुढची धरा.

कापडाची चिंता नको, भिवंडी जवळ आहे. यंत्रमागांचं गाव ते, चिंध्या किलोवर मिळतात. नवशिका नेमका चकचकीत टेरिकॉट उचलून आणतो. टेरिकॉटची कड नखाने कितीही दाबा, मान वर काढतेच. वरून लावायचे तुकडे धुतलेल्या सुती कापडाचेच घ्या. लाल तुकडा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं गुलाबी झालं, तर तो तुकडा होळीसाठी ठेवा.

आता नक्षी. हे काम घरातले सगळे झोपल्यावर करावं. नाहीतर मुलगा वसईचा किल्ला सुचवतो, बुरुजांसकट, वर चिमाजी अप्पा आणि १७३९ हा आकडा. सासूबाई लक्ष्मीची पावलं म्हणतात. ती उत्साहाने कापून होतात, आणि मग आत्या विचारते, "यावर पाय देऊन झोपणार का गं?" तेव्हा स्वस्तिक नको, ओम नको, देवाचं काहीच नको. पणती चालते, कंदील चालतो. सगळ्यात फायद्याची पाचकोनी चांदणी : दिवाळीत कंदील म्हणून खपते, आणि वसईत राहता आहात तर नाताळातही तीच गोधडी काढता येते.

एक मोह मात्र टाळा. कामण रोडच्या शेजारचंच स्टेशन जूचंद्र, रांगोळीकारांचं गाव. तिथल्या रांगोळीतली हुबेहूब माणसं बघून घरी आलात, तर त्या दिवशी कात्रीला हात लावू नका. रांगोळी चिमटीतून सुटते. तिला कड दुमडावी लागत नाही. तुम्हाला पणतीच्या ज्योतीच्या टोकाशी पाव इंच कापड आत घालायचंय. आधी टोक खाली दुमडा, मग एक बाजू, मग दुसरी. उरलेला गुठळा सुईच्या अग्राने आत ढकला आणि बारीक तुरपाई करा. साध्या आकारांची लाज बाळगू नका. अमेरिकेत जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या गोष्टी अशाच साध्या आकृत्या कापून गोधडीवर लावल्या. १८९१ मध्ये ती गोधडी त्यांनी पाच डॉलरला विकली. आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

खरी परीक्षा धावदोऱ्याची. इंग्रजी पुस्तकं सांगतात, मधून सुरू करा, म्हणजे कापडाचा फुगा कडेला सरकत जातो. आपल्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत येतात. कारण उघड आहे : चौघी चार बाजूंना बसतात आणि गोधडीच्या मधोमध बसायला कोणी तयार नसते. फुगा मग मध्ये जमतो, जिथे तुमची पणती असते. त्याला उपाय एकच, आधी वीत-वीत अंतरावर सगळीकडे कच्चे टाके घाला, तेही कंटाळा न करता. मग ओळी बोटभर अंतराने. या बोटावरूनही वाद होतो, कारण आजीचं बोट आणि सुनेचं बोट सारखं नसतं. कोणाचं धरायचं ते सुरुवातीलाच ठरवा. (आजीचं.)

ओळ पणतीपाशी आली की तिच्यावर चढू नका. वळा आणि कडेने फिरा. ज्योतीभोवती तीन ओळी वाढत्या अंतराने घातल्यात, तर उजेड पसरल्यासारखा दिसतो. बघणाऱ्या म्हणतात, काय कल्पना! दुमडलेल्या टोकाच्या सगळ्या थरांतून सुई जातच नव्हती, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. फक्त एवढं सांभाळा : पणतीपाशी टाके दाट आणि बाकी रान मोकळं ठेवलंत, तर गोधडी सपाट पडत नाही.

शेवटची ओळ संपली की गोधडी उलटी करा. पाठीवर पणतीचं कापड नसतं, नुसते टाके असतात. त्यांतूनही पणती ओळखू आली, तर नक्षी जमली. नाही आली, तर पाठीची बाजू गादीकडे करून अंथरा आणि पाहुण्यांना चहा बाहेरच्या खोलीत द्या.