नुसते ओठ हलव

आमच्या प्राथमिक शाळेत संगीताचा तास शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर असे. पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. ते तालुक्याला गेले की संगीताऐवजी गणित. पेटीची एक पट्टी दाबली की वरच येत नसे. प्रार्थना संपवून आम्ही खाली बसलो तरी तिचं आपलं चालूच.

तिसरीत स्नेहसंमेलनाच्या समूहगीतासाठी सरांनी एकेकाला ‘सा’ लावायला सांगितला. माझा ऐकून त्यांनी भाता थांबवला. ‘‘तू उंच आहेस, मागच्या रांगेत राहा,’’ ते मायेनं म्हणाले, ‘‘आणि नुसते ओठ हलव.’’ मी ते इतकं जीव लावून केलं, की पाहुण्यांनी भाषणात मागच्या रांगेतल्या त्या मुलाच्या तन्मयतेचं कौतुक केलं.

पाढ्यांना मात्र मीच पुढे. चाळीस पोरं, एक चाल, एक लय. एकोणतीसचा आला की लय आपोआप विलंबित. तिथे कुणी कुणाला ओठ हलवायला सांगितलं नाही.

सर स्वतःच्या सोयीनं काळी एकचा सूर धरत. लहान पोरांचा गळा काळी चारच्या आसपास मोकळा होतो, हे मला पन्नाशीत कळलं. तोवर ओठांना सवय लागली होती.

आता आठ वर्षांची भाची गाण्याच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला बसली आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूघरी पाणी भरत मिळवायची विद्या वर्गात आणून बसवली. वर्ग आला म्हणजे मागून परीक्षा आलीच. ‘‘भूप, म आणि नी वर्ज्य,’’ भाची थेट पाढ्याच्या चालीत म्हणते.

‘‘वर्ज्य म्हणजे काय गं?’’

‘‘ते पेटीत असतात, पण या रागात त्यांनी गप्प बसायचं.’’

म आणि नी मला एकदम जवळचे वाटले.

मग तिनं मला त्रितालाला बसवलं. सोळा मात्रा, टाळ्या पहिलीवर, पाचवीवर, तेरावीवर. पाचवीची टाळी माझी सहावीवर पडे. ती कपाळाला हात लावून पुन्हा एकपासून सुरू करी.

‘‘आणि मामा, नववीला खाली. तिथे आवाज करायचा नाही, नुसता हात हलवायचा.’’

हे मात्र मला पहिल्याच आवर्तनात जमलं.